बेसबॉलच्या खालच्या पायऱ्यांवर काय चालतं तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर मधे पुन्हा एकदा बेसबॉलपटू हुआन सोटोच्या कराराची चौकट आली होती, ७६५ मिलियन डॉलर, म्हणजे आपल्या साडेसहा हजार कोटींच्या आसपास, आणि मग वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं की अमेरिकेत नुसती बॅट फिरवता आली तरी पोरगं अब्जाधीश होतं, असल्या लोकांना युनियन कशाला पाहिजे. ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. सोटोचा आकडा खरा आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या आकड्याच्या खाली जे जग आहे ते मी इथं न्यू जर्सीत जवळून बघतेय आणि ते आपल्या पेपरांत कधी येतच नाही, त्यामुळे त्या गृहस्थांना तसं वाटलं यात त्यांचा दोष नाही. युनियन कोणाला लागते आणि का लागली तेवढंच मला सांगायचंय, जरा लांबेल, पण शक्य तेवढं छापा.

आम्ही ब्रिजवॉटरला राहतो. मराठी लोक हे गाव बालाजीच्या देवळामुळे ओळखतात, पण इथं बेसबॉलचं एक फार छान मैदान पण आहे, ट्रेनच्या स्टेशनला अगदी लागून, सॉमरसेट पेट्रियट्स नावाची टीम तिथं खेळते. न्यू यॉर्कला यँकीज या मोठ्या टीमच्या मॅचला चौघांनी जायचं म्हणजे खिसा रिकामा होतो, इथं तेवढ्या पैशात उन्हाळाभर जाता येतं, म्हणून मुलं लहान असताना आम्ही जायला लागलो. मग ओळखी वाढत गेल्या आणि नंतर काही उन्हाळे आम्ही जवळच्याच एका इंडिपेंडंट टीमच्या खेळाडूंना घरातली एक खोली राहायला दिली. याला इथं होस्ट फॅमिली म्हणतात. टीमकडे खेळाडूंना ठेवायला पैसे नसतात, खेळाडूकडे भाडं भरायला नसतात, म्हणून गावातली घरं त्यांना हंगामापुरतं सांभाळतात. माझं जे काही म्हणणं आहे ते बरंचसं तिथून आलंय.

आधी सगळी रचना सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेजर लीग म्हणजे सगळ्यात वरची पायरी, तिथं ३० टीम, प्रत्येकीत २६ खेळाडू, म्हणजे एका वेळी ७८० जागा. बस. या प्रत्येक टीमच्या हाताखाली चार-चार मायनर लीग टीम, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए, अशा एकूण १२०, शिवाय फ्लोरिडा-ॲरिझोनात अगदी नवख्या मुलांच्या टीम वेगळ्या. सगळे धरून पाच हजारांवर खेळाडू. त्यातले बहुतेक जण वरच्या मैदानावर एक दिवससुद्धा खेळत नाहीत. आणि या सगळ्याच्याही बाहेर इंडिपेंडंट लीग आहेत, अटलांटिक लीग, फ्रंटियर लीग, अमेरिकन असोसिएशन, पायोनियर लीग, यांच्या टीमना वर कोणी मालक क्लब नाही. ज्यांना कोणी निवडलंच नाही, ज्यांना निवडून सोडून दिलं, जे वर जाऊन खाली आले, असे सगळे तिथं भेटतात.

आता पैशाचं बघा. २०१८ ते २०२० या काळात सिंगल-ए मधल्या खेळाडूला आठवड्याला २९० डॉलर मिळायचे. हा आकडा कुठून आला माहितीय का, तर इथला केंद्राचा किमान वेतनाचा दर तासाला सव्वासात डॉलर, गुणिले चाळीस तास. बेसबॉलवाला आठवड्याला चाळीस तास काम करतो असं कुठलाही शहाणा माणूस म्हणणार नाही, दुपारी एक-दोनला मैदानावर यायचं, सराव, मग संध्याकाळी सातला मॅच, ती दहाला संपली तर नशीब, मग बसमधे बसून पहाटे दुसऱ्या गावात. पण २०१८ च्या मार्चमधे इथल्या संसदेत बावीसशे पानांच्या बजेटच्या बिलात एक कलम घातलं गेलं, सेव्ह अमेरिकाज पासटाइम ॲक्ट असं त्याचं नाव, राष्ट्रीय खेळ वाचवायचा म्हणून, आणि त्यात असं की मायनर लीग खेळाडूला फक्त हंगामातले आठवड्याचे चाळीस तास धरून किमान वेतन द्या, पुढच्या तासांचे काही द्यायला नको, स्प्रिंग ट्रेनिंगचे, म्हणजे हंगामाआधीच्या सरावाचे, नको, हिवाळ्यातल्या व्यायामाचे नको. त्यासाठी लीगने वॉशिंग्टनमधे रीतसर लॉबिंग केलं होतं. मला आजही हे वाचताना संताप येतो. डबल-ए ला ३५० आणि ट्रिपल-ए ला ५०२ डॉलर आठवड्याला, म्हणजे मेजर लीगच्या एका पायरी खाली उभा असलेला माणूस, तोही फक्त पाच महिने, बाकीचे सात महिने शून्य.

त्या काळात एका टू बेडरूम अपार्टमेंटमधे पाच-सहा जण हवा भरायच्या गाद्यांवर झोपायचे. वर क्लबहाउसमधे कपडे धुणाऱ्या, जेवणाची व्यवस्था बघणाऱ्या माणसाचे पैसे खेळाडूंनीच आपल्या खिशातून द्यायचे, ही पद्धत २०२१ ला बंद झाली. बाहेरगावी दिवसाचा भत्ता २५ डॉलर, त्यात तीन वेळचं जेवण, आणि खेळाडू म्हणून शरीर मात्र टिकलं पाहिजे. हिवाळ्यात कोणी गोदामात सामान उचलतंय, कोणी शाळेत बदली शिक्षक, कोणी लहान मुलांना तासाच्या हिशेबाने पिचिंग, म्हणजे बॉल टाकायला, शिकवतंय. आमच्याकडे राहिलेला एक मुलगा, कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) होता, पहाटे पाचला उठून गोदामात जायचा, मग दुपारी जिम, मग संध्याकाळी एका शाळेच्या बंद हॉलमधे नेट लावून बॅटिंग, आणि या सगळ्याला पगार देणारं कोणी नाही, पण मार्चमधे फिट होऊन नाही आला तर पहिल्या आठवड्यात घरी.

लोक म्हणतात साइनिंग बोनस मिळतो ना. मिळतो, ड्राफ्टमधे, म्हणजे दरवर्षी क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या फेरीतल्या मुलांना लाखो डॉलर मिळतात हे खरंय. पण ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांत कॉलेज संपलेल्या पोराला हजार-पाच हजार डॉलरवर सही करायला लावलेलं सगळ्यांना माहितीय, कारण त्याच्याकडे दुसरा पर्यायच नसतो. आणि एकदा सही केली की सहा-सात वर्षं तो त्या क्लबचा. तो आपणहून दुसरीकडे जाऊ शकत नाही, क्लब मात्र त्याला कुठल्याही सकाळी सोडू शकतो. १९२२ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून जी सूट दिली ती शंभर वर्षांनंतरही बऱ्याच अंशी टिकून आहे, दुसऱ्या कुठल्या धंद्याला असलं चाललं नसतं.

स्पर्धा तर विचारूच नका. आपल्याला बाहेरून वाटतं सॉमरसेट विरुद्ध हार्टफर्ड, सॉमरसेट विरुद्ध पोर्टलंड अशी मॅच चाललीय. चाललेली असतेच, हे लोक जिंकायलाच खेळतात, २०२२ ला सॉमरसेटने ईस्टर्न लीगचं अजिंक्यपद घेतलं तेव्हा शेवटच्या मॅचमधे समोरच्यांना एकही हिट मिळू दिली नाही, आमच्या घरात रात्री उशिरापर्यंत त्याच गप्पा. पण खरी चुरस आपल्याच डगआऊटमधे असते. शेजारी बसलेला शॉर्टस्टॉप (मैदानातल्या एका जागेचा खेळाडू) आणि तू पण तोच, वर जागा एक. ज्याच्यावर क्लबने वीस लाख घातलेत त्याला वाईट महिना गेला तरी खेळवत राहतात, आणि ज्याला पाच हजारांत घेतलं त्याला दोन आठवडे बॉल नीट दिसला नाही की बेंच. दोघं एकाच खोलीत राहतात, एकाच बसने जातात, एकमेकांच्या लग्नाला जातात, आणि एकाचं प्रमोशन झालं की दुसऱ्याला आनंद आणि पोटात गोळा दोन्ही एकदम. सहा मॅच एकाच टीमशी, मंगळवार ते रविवार, सोमवार सुटी की परत बस. डबल-ए ला अशा १३८ मॅच. कोणी दुखापत लपवतं, कारण जागा गेली की गेली. मॅनेजरने खोलीत बोलावलं की दोनच कारणं असतात, वर चाललास किंवा घरी चाललास.

हे बदललं कसं तेच त्या गृहस्थांना सांगायचंय. मेजर लीगच्या खेळाडूंची संघटना १९६६ ला मार्विन मिलर आल्यापासून ताकदीची झाली, इथल्या सगळ्यात बळकट संघटनांपैकी ती एक आहे, सोटोच्या आकड्यामागे तिचीच साठ वर्षांची लढाई आहे. पण त्या संघटनेने मायनरच्या पोरांना पन्नास वर्षांहून जास्त काळ बाहेरच ठेवलं, ही गोष्टही खरी आणि ती लिहिली पाहिजे. २०१४ ला ॲरन सेने आणि आणखी काही माजी मायनर खेळाडूंनी किमान वेतनासाठी केस घातली. त्यांचा एक वकील होता गॅरेट ब्रोशुइस, जो स्वतः सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या मायनर टीममधे पिचर होता, मेजरला कधी पोचला नाही, मग कायदा शिकला आणि आपल्याच सोबत्यांची केस लढला. आठ वर्षं चालली. २०२२ ला लीगने १८५ मिलियन डॉलर देऊन तडजोड केली. मला हा माणूस कुठल्याही होमरनवाल्यापेक्षा मोठा वाटतो.

मधे कोविड आला. २०२० चा मायनरचा अख्खा हंगाम रद्द झाला, खेळाडूंना आठवड्याला ४०० डॉलर द्यायचं ठरलं, आणि ओकलंडच्या क्लबने मेअखेर तेही बंद करतो म्हणून जाहीर केलं, आरडाओरडा झाल्यावर निर्णय फिरवला. त्याच वेळी टेक्सास रेंजर्सचा शिन-सू चू, जो स्वतः कितीतरी वर्षं मायनरमधे काढून वर आला होता, त्याने आपल्या क्लबच्या १९१ मायनर खेळाडूंना प्रत्येकी हजार डॉलर खिशातून दिले. डेव्हिड प्राइसने पण डॉजर्सच्या पोरांना तसेच दिले. फार मोठं मन लागतं त्याला. पण दहा अब्ज डॉलरच्या वर वर्षाचं उत्पन्न असलेल्या लीगमधे पोरांनी दुसऱ्या खेळाडूच्या दयेवर जगायचं हे कोणालाच बरं वाटत नव्हतं, आणि तिथून वारं फिरलं. २०२१ ला पगार थोडे वाढले, २०२२ पासून क्लबांनी राहायची सोय करायची असं ठरलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी मायनरच्या खेळाडूंना त्याच मेजरच्या संघटनेची सभासद व्हायची कार्डं गेली सही करायला. सतरा दिवसांत काम झालं. सप्टेंबरच्या मध्याला लीगला मान्यता द्यावीच लागली. ज्यांना एकमेकांची जागा घ्यायचीय अशा पाच हजार मुलांतल्या बहुसंख्यांनी, बसमधे, लॉकररूममधे, फोनवर सह्या केल्या, कितीतरी जण डॉमिनिकन आणि व्हेनेझुएलाचे, इंग्रजी जेमतेम येणारे.

पहिला करार २०२३ च्या मार्चअखेर झाला. आकडे देते, कारण आकडेच बोलतात. अगदी खालच्या पायरीवर वर्षाला ४,८०० डॉलर मिळायचे ते १९,८०० झाले. सिंगल-ए ११,००० वरून २६,२००. हाय-ए २७,३००. डबल-ए १३,८०० वरून ३०,२५०. ट्रिपल-ए १७,५०० वरून ३५,८००. डबल-ए आणि ट्रिपल-ए ला २०२४ पासून प्रत्येकाला स्वतंत्र बेडरूम. यात श्रीमंत कोणी होत नाही, न्यू जर्सीत तीस हजारांत संसार होत नाही हे इथं राहणारा कोणीही सांगेल, आणि मेजरमधला कमीत कमी पगार त्याच वर्षी ७ लाख २० हजार होता, म्हणजे ट्रिपल-ए ते मेजर ही एक पायरी वीसपट उंच. बदल्यात क्लबांना प्रत्येकी १८० ऐवजी १६५ खेळाडू ठेवायची मुभा मिळाली, म्हणजे काही जणांचं करिअर त्या सहीत संपलं. तरी हिवाळ्यात गोदामात न जाता सराव करता येतो, बाळ झालं तर दवाखान्याचा विचार करता येतो, एवढा फरक पडला. आणि तो कोणी दिला नाही, मागून घेतला.

आता दुसरी बाजू, जिचं मला जास्त दुःख आहे. २०२० संपता संपता लीगने मायनरचा सगळा कारभार स्वतःकडे घेतला आणि १६० च्या टीम १२० करून टाकल्या. कागदावर चाळीस टीम. प्रत्यक्षात चाळीस गावं. आमच्या राज्याचंच घ्या. ट्रेंटन, न्यू जर्सीची राजधानी, २००३ पासून यँकीजची डबल-ए टीम तिथं होती. २०२० च्या नोव्हेंबरमधे यँकीजनी जाहीर केलं की आता ट्रेंटन नको, सॉमरसेट. आम्हाला फायदा झाला, आमच्या मैदानावर यँकीजची पोरं आली, गावात आनंदीआनंद. पण तासाभरावरच्या ट्रेंटनच्या लोकांनी अठरा वर्षं ज्या टीमला आपलं मानलं ती एका घोषणेत गेली, आणि आता तिथं उन्हाळ्यात ड्राफ्टची वाट बघणारे कॉलेजचे खेळाडू खेळतात. स्टेटन आयलंडची टीम तर बंदच पडली, नंतर २०२२ ला तिथं फेरीहॉक्स नावाची इंडिपेंडंट टीम उभी राहिली आणि पहिल्याच वर्षी केल्सी व्हिटमोर ही मुलगी अटलांटिक लीगमधे पुरुषांच्या बरोबरीने खेळली. माझ्या मुलीने तिचा फोटो अभ्यासाच्या टेबलासमोर लावलाय.

सॉमरसेट पेट्रियट्स स्वतः १९९८ पासून २०२० पर्यंत इंडिपेंडंटच होती, अटलांटिक लीगच्या पहिल्या सहा टीमपैकी एक, सहा वेळा लीग जिंकलेली. त्याच पहिल्या सहांत नेवार्क बेअर्स होती आणि अटलांटिक सिटीची सर्फ होती. नेवार्कला २००३ ला रिकी हेंडरसन खेळला, बेसबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त, १,४०६ बेस चोरणारा, म्हणजे पिचरला चकवून पुढच्या टप्प्यावर पळणारा माणूस, वय ४४, हॉल ऑफ फेमला, म्हणजे थोर खेळाडूंच्या सन्मानयादीत जाणार हे ठरलेलं, आणि तरी तो नेवार्कच्या छोट्या मैदानावर बस प्रवास करत, कोणीतरी वर बोलवेल म्हणून वाट बघत होता. डॉजर्सनी बोलावलंही. पुढच्या वर्षी तो परत नेवार्कला आला, कारण त्याला अजून खेळायचंच होतं. त्याचं पैशाशी काही घेणं नव्हतं. पण बेअर्स २०१३ नंतर संपली, सामानाचा लिलाव झाला, आणि १९९९ ला बांधलेलं स्टेडियम २०१९ ला पाडलं. कॅमडनचं २००१ ला नदीकाठी बांधलेलं मैदान, तेही वीस वर्षं व्हायच्या आत गेलं. इंडिपेंडंट बेसबॉल इतकं नाजूक असतं, मालक बदलला, दोन उन्हाळे पाऊस जास्त झाला की टीम गायब.

आणि तरी तिथंच माणसं परत उभी राहतात. डॅनिएल नावा, कॉलेजच्या टीममधे निवडसुद्धा झाली नाही, तिथं टीमचे कपडे धुवायचं काम केलं, मग कॅलिफोर्नियात चिको आउटलॉज या इंडिपेंडंट टीममधे गेला, आणि २००८ ला बोस्टन रेड सॉक्सने त्याला एक डॉलर देऊन घेतलं. खरंच एक डॉलर. १२ जून २०१० ला मेजरमधल्या त्याच्या पहिल्याच बॉलवर त्याने ग्रँडस्लॅम, म्हणजे एका फटक्यात चार रन, मारला, २०१३ ला बोस्टनबरोबर वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजरचं अजिंक्यपद, जिंकली. रिच हिल या पिचरने ३५ वर्षांचा झाल्यावर २०१५ ला लाँग आयलंड डक्सकडून दोनच मॅच टाकल्या, तिथून बोस्टन, आणि पुढच्या वर्षअखेर डॉजर्सशी ४८ मिलियनचा करार.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे कुमार रॉकर. याच्या आईचे आईवडील भारतातून आलेले, त्याचं कुमार हे नाव तिकडूनच आलंय, वडील अमेरिकन फुटबॉलचे कोच. कॉलेजला असताना २०१९ ला त्याने एका मॅचमधे १९ स्ट्राइकआऊट (बॅटरला फटका मारू न देता बाद करणं) घेऊन नो-हिटर, म्हणजे समोरच्यांना एकही हिट न देता पूर्ण मॅच, टाकली होती. २०२१ ला न्यू यॉर्क मेट्सने दहाव्या क्रमांकावर निवडला, सहा मिलियनचं बोलणं झालं, आणि मेडिकल बघून मेट्सनी करारच केला नाही. वर्षभर पोरगा कुठल्याच टीमचा नाही. मग २०२२ ला तो फ्रंटियर लीगमधे ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्सकडे गेला, न्यू यॉर्क राज्यात ट्रॉय गावात. ही तीच टीम जी त्या चाळीसच्या कपातीत ह्यूस्टनने सोडून दिली होती आणि जी नंतर लीगविरुद्ध कोर्टात गेली. टाकलेली टीम आणि टाकलेला पिचर. पाच मॅच टाकल्या, आणि महिन्याभरात टेक्सास रेंजर्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतलं. मधे कोपराचं ऑपरेशन झालं, ते सोसून २०२४ च्या सप्टेंबरमधे सिॲटलला पहिली मेजर लीग मॅच, चार इनिंगमधे सात स्ट्राइकआऊट. आपल्याकडे कुठे छापून आलं का हे? मला तरी दिसलं नाही, आणि भारतीय रक्ताच्या कोणी परदेशात काही केलं तर आपण एरवी सोडत नाही.

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याबद्दल मात्र सगळ्यांना माहितीय, उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे दोघे, २००८ ची ती टीव्हीवरची पिचिंग स्पर्धा, पिट्सबर्ग पायरेट्सची सही. पण त्यांची गोष्ट सहीपाशीच थांबवतात. पुढे काय झालं तर दोघं फ्लोरिडातल्या ब्रॅडेंटनला सगळ्यात खालच्या पायरीवर खेळले, दिनेशला २०१० ला सोडून दिलं आणि तो घरी परतला, रिंकू २०११ ला सिंगल-ए पर्यंत चढला, मग हात गेला, ऑपरेशन, वर्षामागून वर्षं वाया, शेवटी तो कुस्तीच्या शोकडे वळला. कधी बॉल हातात न घेतलेल्या माणसाने सिंगल-ए पर्यंत जाणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. ते अपयश नाही. मायनर लीग काय आहे हे माहीत असतं तर आपण त्यांना अर्धवट गेलेले म्हटलं नसतं.

एक गोष्ट राहिली. वर जे नवीन नियम दिसतात, पिच क्लॉक (बॉल टाकायला घड्याळाची मर्यादा), मोठे बेस, आता २०२६ पासून मेजरमधे आलेली मशीनने स्ट्राइक तपासायची सोय, हे सगळं आधी या खालच्या पोरांवर करून बघितलं. मशीनचा अंपायर २०१९ लाच अटलांटिक लीगमधे आला. २०२१ ला त्याच लीगमधे पिचरची जागा एक फूट मागे नेली, हंगाम चालू असताना, ज्यांचं पोट त्या हातावर आहे त्यांच्यावर प्रयोग. खेळ सुधारायला प्रयोग करावेच लागतात. पण ज्याच्या शरीरावर करता त्याला मेजरच्या पगाराचा शंभरावा हिस्सा तरी द्या असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. इंडिपेंडंट लीगच्या खेळाडूंना २०२३ चा करार लागू नाही. त्यांना अजूनही महिन्याला हजार-दोन हजार डॉलर, तेही मे ते सप्टेंबर. न्यू जर्सीहून क्वेबेक, ओटावा, इलिनॉय असा बसचा प्रवास, रात्रभर. आमच्याकडचा तो कॅचर एका जुलैमधे दुपारी नेहमीसारखा मैदानावर गेला आणि तासाभरात परत आला, टीमला तरुण कॅचर मिळाला होता. रात्री त्याने आमच्याबरोबर जेवण केलं, माझ्या मुलाला आपला ग्लोव्ह दिला नाही, जवळच ठेवला, कारण त्याला अजून दोन टीमना फोन करायचे होते. ऑगस्टमधे तो दुसऱ्या लीगमधे खेळत होता.

पत्र लिहिणाऱ्या गृहस्थांचं युनियनबद्दलचं वाक्य मला का लागलं ते आता लक्षात येईल. आणि आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. २०२०-२१ ला रणजी ट्रॉफी इतिहासात पहिल्यांदा झाली नाही तेव्हा किती खेळाडू महिनोन् महिने मॅच फीशिवाय बसले, त्यांना अर्धी भरपाई जाहीर झाली ती पुढच्या वर्षी सप्टेंबरला. आज रणजीत दिवसाला ४० ते ६० हजार मिळतात, चांगले आहेत, पण ते अकरात असलात तर, बाहेर बसलात तर निम्मे, आणि राज्याच्या टीममधेच नसलात तर काही नाही. मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ अशा आपल्या तीन टीम, त्यांच्या दारात उभी असलेली मुलं किती असतील. २०१९ ला भारतीय क्रिकेटपटूंची संघटना झाली पण ती फक्त निवृत्तांची. जे आज खेळतायत त्यांच्या वतीने बोलायला कोणी नाही. यावर तुमच्या क्रीडा पानाने लिहावं, आयपीएलच्या लिलावाचे आकडे छापता त्याच दिवशी लिहावं, शेजारी लिहावं.

बाकी न्यू जर्सीत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. फ्रंटियर लीगच्या टीम इथं जवळच आहेत, पॅटरसनला जॅकल्स, वर ऑगस्टाला मायनर्स (हे टीमचं नाव, म्हणजे खाणकामगार). पॅटरसनचं हिंचलिफ स्टेडियम तर निग्रो लीगच्या, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंना वेगळं खेळावं लागायचं त्या काळातलं, कितीतरी वर्षं बंद पडलेलं, २०२३ ला परत सुरू झालं, मुलांना ते एकदा तरी दाखवा. हंगाम मे मधे सुरू होतो आणि इंडिपेंडंट टीम वसंतातच होस्ट फॅमिली शोधायला लागतात. एक रिकामी खोली, फ्रिजमधे थोडी जागा आणि रात्री उशिरा दार उघडायची तयारी एवढंच लागतं. कोणाला करायचं असेल तर सरळ टीमच्या ऑफिसला फोन करा, ते सगळं समजावून सांगतात.

आपली एक वाचक,
ब्रिजवॉटर, न्यू जर्सी